विलॅमेट खोऱ्यातला माळ, फेंडर्स ब्लू आणि रानफुलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओरेगॉनमधल्या विलॅमेट नदीच्या खोऱ्यात, कॉर्व्हॅलिसच्या आसपासच्या माळांवर मी गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी तण काढायला जाते, ते फेंडर्स ब्लू नावाच्या दुर्मिळ फुलपाखरासाठी आणि त्याच्या सोबतच्या रानफुलांसाठी. हे एकदा कळलं की पोर्टलंडजवळच्या हिल्सबरो-बीव्हर्टनकडची आपली मंडळी जेवणाच्या रांगेत हमखास गाठतात. पुण्याहून बहिणीचे आणि तिच्या मैत्रिणींचे प्रश्न येतात ते वेगळेच. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदा लिहून ठेवते. क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. एका उत्तराला दुसऱ्याची गरज असेल तिथे आकडा दिला आहे.

१. प्रेअरी म्हणजे आपलं माळरानच ना? आणि ओरेगॉनला तर सगळी जंगलंच आहेत, तिथे माळ कुठून आला?

माळरान हा शब्द चालेल, मी तोच वापरते. ओरेगॉन म्हटलं की सूचिपर्णी जंगल डोळ्यांसमोर येतं हे खरं. पण किनाऱ्यालगतची डोंगररांग आणि पूर्वेची कॅस्केड रांग यांच्या मधोमध, पोर्टलंडपासून युजीनपर्यंत, विलॅमेटचं सपाट खोरं पसरलेलं आहे. दीड-दोनशे वर्षांपूर्वी हे खोरं बरंचसं उघडं होतं : उंच गवत, रानफुलं आणि मधूनच एखादा डेरेदार ओक. सखल भागात हिवाळाभर पाणी साचणारा ओला माळ, उतारावर कोरडा माळ.

पावसाचं गणित आपल्या उलट आहे. इथे ऑक्टोबरपासून मेपर्यंत पाऊस आणि जुलै-ऑगस्ट ठणठणीत कोरडे, त्यामुळे रानफुलांचा हंगाम एप्रिल ते जून. उतारावरच्या मूळ माळापैकी आज एक टक्कासुद्धा उरलेला नाही. बाकीच्या जमिनीवर गवताच्या बियाण्याची शेती, हेझलनटच्या बागा, द्राक्षमळे, ख्रिसमसच्या झाडांची लागवड आणि आपली घरं आली.

२. तुम्ही ज्याच्यासाठी एवढं राबता ते फुलपाखरू दिसतं तरी कसं?

फेंडर्स ब्लू. पंख पसरले तर रुपयाच्या नाण्याएवढं, जेमतेम अडीच सेंटिमीटर. नर झळझळीत निळा, मादी तपकिरी. पंख मिटले की खालून राखाडी आणि त्यावर पांढऱ्या कड्यांतले काळे ठिपके. पहिल्यांदा पाहणारे बहुतेक जण म्हणतात, ‘एवढंसंच?’ हो, एवढंसंच.

त्याच्या अळ्या मुख्यतः किनकेड्स ल्युपिन नावाच्या एकाच रानझाडावर वाढतात. (आणखी दोन जातींच्या ल्युपिनवर काही ठिकाणी भागतं, पण मोठा आधार हाच.) ल्युपिन हे वाल-वाटाण्याच्या कुळातलं झाड. पान काटेसावरीच्या पानासारखं, एका बिंदूतून पंजासारखं फुटलेलं, फक्त हाताच्या तळव्यात मावणारं. फुलांचे तुरे मळकट पिवळसर पांढऱ्यापासून निळ्या-जांभळ्यापर्यंत. एकच झाड जमिनीखालून पसरत दहा मीटर किंवा त्याहून लांब जातं. म्हणून आपल्याला दिसतात वीस झुडपं आणि असतं एकच झाड. मोजणी करणाऱ्यांची यात चांगलीच दमछाक होते.

३. हे फुलपाखरू नामशेष झालं होतं असं वाचलं. मग परत आलं कुठून?

नामशेष झालं नव्हतं, दिसेनासं झालं होतं. राल्फ मेसी यांनी १९३१ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि केनेथ फेंडर या अभ्यासकाचं नाव त्याला दिलं. १९३७ नंतर ते कुणालाच दिसलं नाही, तेव्हा संपलं असं सगळ्यांनी धरून चाललं. मग १९८९ साली कॉर्व्हॅलिसजवळ ते पुन्हा सापडलं. मधली पन्नास वर्षं ते कुणाच्या तरी कुंपणाच्या कडेला, रस्त्यालगतच्या पट्टीवर, नांगर न लागलेल्या टेकाडावर तग धरून होतं. जानेवारी २००० मध्ये अमेरिकेच्या संघीय कायद्याखाली ते ‘धोक्यात आलेलं’ म्हणून नोंदलं गेलं. त्याच वेळी किनकेड्स ल्युपिन आणि विलॅमेट डेझी या दोन रानफुलांनाही संरक्षण मिळालं.

४. वर्षातले अकरा महिने ते असतं कुठे?

तिथेच, तुमच्या पायाखाली. बाकीचे सगळे नियम यातूनच निघतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मे-जूनमध्ये उडणारं फुलपाखरू जेमतेम दहा-पंधरा दिवस जगतं. तेवढ्यात मादी ल्युपिनच्या पानांखाली एकेक करून अंडी चिकटवते. एक मादी साडेतीनशेपर्यंत अंडी घालू शकते, त्यातली फार थोडी टिकतात. अळी बाहेर येते, दोन-तीन आठवडे पानं खाते, तोवर उन्हाळा लागतो आणि ल्युपिन वरून वाळून जातं. मग अळी, अजून मुंगीएवढीसुद्धा नसलेली, झाडाच्या बुंध्याशी पालापाचोळ्यात उतरते आणि झोपते. उरलेला उन्हाळा, पानगळ, पावसाळी हिवाळा, सगळं त्या झोपेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये ल्युपिनला नवी पालवी फुटली की ती उठून पुन्हा खायला लागते, एप्रिलच्या सुमारास कोष करते आणि मेमध्ये उडते.

जाग्या अळ्यांभोवती मुंग्या दिसतात. अळी अंगातून गोड थेंब सोडते, तो मुंग्या पितात आणि बदल्यात शिकारी किड्यांना जवळ फिरकू देत नाहीत. माव्यावरच्या मुंग्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा व्यवहार नवा नाही.

मुद्दा असा की ऑक्टोबरमध्ये ओसाड दिसणाऱ्या माळावर गाडी घातली, तर ती फुलपाखरांवरूनच जाते.

५. माळ जाळता म्हणे! आपल्याकडे वणवा लागला की लोक विझवायला धावतात, आणि तुम्ही मुद्दाम लावता?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी नाराजीही असते.

हे खोरं आपोआप उघडं राहिलेलं नव्हतं. ते उघडं ठेवलेलं होतं. इथले मूळ रहिवासी कालापूया लोक हजारो वर्षं उन्हाळ्याच्या अखेरीस गवताला आग लावत. त्यामागे पक्का हिशोब होता. जळलेल्या जागी टारवीड नावाच्या झाडाच्या बिया भाजलेल्याच मिळत, ओकखालची जमीन साफ झाली की फळं वेचणं सोपं जाई, नव्या कोवळ्या गवतावर हरणं येत, आणि कॅमसचे खाण्याचे कंद (प्रश्न १२) पुढच्या वसंतात जोमाने फुटत. डेव्हिड डग्लस हा वनस्पती-संग्राहक १८२६ च्या शरदात इथून गेला, तेव्हा मैलोन् मैल जळलेली जमीन पाहून आणि घोड्यांना चारा मिळेना म्हणून त्याने तक्रारीच्या सुरात नोंदी केल्या. त्याच्या लेखी ती नासाडी होती.

१८३० च्या दशकात मलेरियाच्या साथीने कालापूयांची गावंच्या गावं ओस पडली. १८५५ मध्ये तह झाला आणि पुढच्या वर्षी उरलेल्यांना ग्रँड रॉन्डच्या राखीव क्षेत्रात हलवलं. जाळणारे हात गेले. त्यानंतर जिथे नांगर फिरला नाही तिथेही माळ गेला, कारण डग्लस फर या सूचिपर्णी झाडाची रोपं आणि काटेरी झुडपं बिनधास्त आत शिरली. आज ग्रँड रॉन्ड आणि सिलेट्झ इथल्या जमातींमध्ये कालापूयांचे वंशज आहेत, आणि ग्रँड रॉन्डची मंडळी आपल्या जमिनींवर पुन्हा जाळणी करू लागली आहेत.

इथली मूळ फुलझाडं सप्टेंबरपर्यंत वरून वाळून कंदात किंवा मुळांत गेलेली असतात. वरून आग झरकन निघून जाते, साठलेलं वाळकं गवत राख होतं, रोपट्यांएवढे फर मरतात आणि बियांना उघडी माती मिळते. मराठीत ‘राख’ आणि ‘राखणं’ हे शब्द शेजारी शेजारी आहेत, याची मला दर सप्टेंबरात आठवण होते.

एक मात्र स्पष्ट सांगते. हे वाचून सह्याद्रीत काडी लावायला कुणी जाऊ नये. तिथली झाडं, तिथला पाऊस, तिथली आगीची वेळ आणि कारणं, सगळं वेगळं आहे.

६. पण प्रश्न ४ प्रमाणे अळ्या तर पाचोळ्यात झोपलेल्या असतात. त्या जळत नाहीत?

जळतात. गोडगोड उत्तर देण्यात अर्थ नाही. जळलेल्या पट्ट्यातल्या जवळजवळ सगळ्या अळ्या मरतात.

म्हणून संपूर्ण माळ कधीच एकदम जाळत नाहीत. एका वेळी साधारण तिसरा हिस्सा, आणि तोही असा की शेजारी ल्युपिनचा न जळलेला पट्टा फुलपाखरांसह शिल्लक राहील. पुढच्या मेमध्ये तिथल्या माद्या जळलेल्या बाजूला येतात, कारण तिथे ल्युपिन टवटवीत असतं आणि मधाची फुलंही जास्त असतात. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या शेरिल शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच हिशोब वर्षानुवर्षं मांडला : आज किती मरतील आणि दोन-तीन वर्षांत किती वाढतील. न जाळलं तर आज कुणी मरत नाही, पण गवत माजून दहा-पंधरा वर्षांत सगळेच जातात.

जिथे एकच छोटा तुकडा उरला आहे आणि शेजार नाही, तिथे आग अजिबात नको. तिथे कापणी आणि हाताने तण काढणं.

७. ओरेगॉनमध्ये शेत जाळायला बंदी आहे ना? मग याला परवानगी कशी मिळते?

गोष्टी दोन आहेत. गवताचं बियाणं पिकवणारे शेतकरी कापणीनंतर शेतं पेटवत असत, आपल्याकडे उसाचं पाचट पेटवतात तसं. ३ ऑगस्ट १९८८ रोजी अल्बनीजवळ अशाच एका आगीचा धूर आय-५ महामार्गावर आला, गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि सात जण गेले. त्यानंतर नियम कडक होत गेले आणि २००९ च्या कायद्याने खोऱ्यातली बहुतेक शेत-जाळणी थांबली.

माळ राखण्यासाठीची जाळणी वेगळ्या परवानगीने होते, आणि तिच्यावरही धुराचे नियम लागू असतात. वारा कुठून आहे, हवा धूर वर नेते की खाली दाबते, गवत किती वाळलं आहे, माणसं आणि पाण्याचे बंब हजर आहेत का, सगळं एकाच दिवशी जुळावं लागतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात असे दिवस मोजकेच. काही वर्षी मुहूर्त लागतच नाही आणि पाऊस सुरू होतो.

८. एवढं करण्यापेक्षा कुंपण घालून निसर्गाला त्याच्यावर सोडून द्यावं ना?

प्रश्न ५ वाचला असेल तर उत्तर तुमच्याकडे आहेच. या माळाला माणसाच्या हाताची सवय आहे.

साताऱ्याकडच्या वाचकांना हे पटवायला मला कासची आठवण करून द्यावी लागते. पठाराला जाळीचं कुंपण घातलं, गुरांचा वावर थांबला, मग गवत वाढून फुलं घटल्याची ओरड झाली आणि पुढे ते कुंपण काढलं. कासचा जांभा आणि विलॅमेटची माती यांत फार साम्य नाही. पण ‘हात लावू नका म्हणजे जपलं’ ही समजूत दोन्हीकडे सारखीच तोकडी पडली.

९. ‘हिमालयन ब्लॅकबेरी’ उपटता म्हणे. ती आपल्याकडची का?

नावाने फसू नका. ही काटेरी जाळी मूळची आर्मेनिया आणि उत्तर इराणच्या बाजूची. ल्यूथर बरबँक या प्रसिद्ध रोपवाटिकाकाराला तिचं बी भारतातून आलं, म्हणून १८८५ मध्ये त्याने ती ‘हिमालया जायंट’ नावाने विकायला काढली. फळं गोड, लोकांनी आवडीने लावली, पक्ष्यांनी पसरवली. आता रस्त्याकडेला, ओढ्याकाठी, माळावर, जिथे पाहाल तिथे तीच. ऑगस्टमध्ये तिची फळं तोडून जॅम करायला माझी काहीच हरकत नाही, उलट सगळी संपवा. उपटायची तर खोड कापून भागत नाही, मुळाचा गड्डा खणून काढावा लागतो.

बाकीचे गुन्हेगार : स्कॉच ब्रूम (पिवळ्या फुलांचं झुडूप, बिया जमिनीत कित्येक वर्षं दबा धरून राहतात), फॉल्स ब्रोम आणि टॉल ओटग्रास ही दोन गवतं. यातलं टॉल ओटग्रास फुलपाखरासाठी सगळ्यांत वाईट. ते ल्युपिनपेक्षा उंच वाढतं, मादीला पान दिसतच नाही आणि दिसलं तरी उतरता येत नाही. त्यावर फक्त गवतवर्गावर चालणारं तणनाशक वसंतात मोजून मारतात. तणनाशकाचा अळ्यांवर परिणाम होतच नाही असं नाही. त्यामुळे कुठे, किती आणि कधी मारायचं यावर दर वर्षी वाद होतो, आणि तो व्हायलाच हवा.

१०. म्हणजे परदेशी झाड दिसलं की उपटायचं, असंच ना?

नाही. इथे एक मजेदार अपवाद आहे. टेलर्स चेकरस्पॉट नावाचं नारिंगी-काळं-पांढरं फुलपाखरू याच माळांवरचं. २०१३ पासून तेही धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. विलॅमेट खोऱ्यात त्याच्या अळ्या आज ज्यावर जगतात ते झाड म्हणजे युरोपातून आलेलं लांब पानांचं प्लँटेन, आपल्या इसबगोलाच्या प्रजातीतलंच. मूळ खाद्यझाडं घटली तशी अळ्यांनी या पाहुण्याशी जमवून घेतलं. ते सरसकट उपटलं तर चेकरस्पॉट उपाशी मरेल.

याच फुलपाखराच्या अळ्या वॉशिंग्टन राज्यातल्या मिशन क्रीक या स्त्रियांच्या तुरुंगात कैदी बायका वाढवत असत. अळ्यांचं खाणं, वजन, तापमान यांच्या नोंदी त्याच ठेवत, आणि वाढलेल्या अळ्या माळावर सोडल्या जात. हे सांगितलं की समोरच्याला थाप वाटते, पण २०११ पासून कित्येक वर्षं हे चाललं.

११. फुलपाखरांबरोबर कुठली रानफुलं वाचवली जातात? त्यातलं काही सुधारलं का?

सुधारलं, आणि चांगलंच. ब्रॅडशॉज लोमॅशियम हे ओल्या माळावरचं, शेपूसारख्या पानांचं फूल १९८८ मध्ये यादीत आलं आणि २०२१ मध्ये बाहेर पडलं. गोल्डन पेंटब्रश १९९७ मध्ये यादीत आलं. ओरेगॉनमधून ते पार गेलेलं होतं, वॉशिंग्टनमधल्या आणि कॅनडातल्या झाडांच्या बियांपासून ते इथे पुन्हा लावलं, आणि २०२३ मध्ये तेही यादीबाहेर पडलं. त्याच वर्षी नेल्सन्स चेकरमॅलो हे गुलाबी, भेंडी-जास्वंदीच्या कुळातलं फूलसुद्धा.

गोल्डन पेंटब्रश लावणं हे कसबी काम आहे. ते चंदनासारखं अर्धपरजीवी आहे. स्वतः हिरवं असलं तरी शेजाऱ्याच्या मुळांत मुळं घालून पाणी आणि अन्नद्रव्यं ओढतं, त्यामुळे एकटं लावलं तर खुरटतं. कुठला शेजारी द्यायचा हे ठरवायलाच बरीच वर्षं गेली.

१२. कॅमसचे कंद खाता येतात असं ऐकलं. आम्ही खणून पाहू का?

नका. कॅमस हे निळ्या-जांभळ्या फुलांचं कंदवर्गीय झाड, कालापूयांचं मुख्य अन्न. खड्ड्यात तापलेले दगड, त्यावर पानं, त्यावर कंद, वर माती. रायगडकरांच्या पोपटीसारखंच, पण जमिनीच्या पोटात आणि दिवस-दोन दिवस. तेवढ्या वेळात कंदातलं न पचणारं कर्बोदक गोड होतं. अर्धकच्चं खाल्लं तर पोट धरून बसाल.

खरी भीती दुसरीच आहे. त्याच माळावर डेथ कॅमस वाढतं. त्याचं फूल पांढुरकं असतं. फुलं गळून गेल्यावर दोघांचे कंद सहज ओळखू येत नाहीत, आणि डेथ कॅमस खाऊन माणूस मरू शकतो. शिवाय संरक्षित जागेत खणायला परवानगी नसतेच.

१३. आता फेंडर्स ब्लू किती आहेत? धोका टळला का?

यादीत आलं तेव्हा साडेतीन हजारांच्या आत. २०१६ च्या चांगल्या वर्षी २९ हजारांच्या आसपास. २०१८ मध्ये सुमारे १३,७००. हा उतार पाहून घाबरून जाऊ नका. वसंत कसा गेला त्यावर किड्यांचे आकडे असे दुपटीने वर-खाली होतातच.

जानेवारी २०२३ मध्ये त्याचा दर्जा ‘धोक्यात आलेलं’ वरून ‘धोक्याच्या छायेत असलेलं’ असा एक पायरी हलका झाला. कीटकांना असं क्वचितच जमलं आहे. पण संरक्षण संपलेलं नाही. दर वर्षीचं तण काढणं, कापणं, जाळणं थांबलं तर आकडे परत कुठे जातील हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

१४. पण ही तर नुसती उपजात आहे ना? मग एवढा खर्च कशाला?

खरं आहे, फेंडर्स ब्लू ही पश्चिम अमेरिकेत पसरलेल्या एका निळ्या फुलपाखराची उपजात. कायद्याच्या व्याख्येत उपजातीही येतात, म्हणून संरक्षण मिळतं. व्यवहाराचं उत्तर प्रश्न ११ मध्ये आहे. फुलपाखरासाठी राखलेल्या तुकड्यावर ही सगळी रानफुलं, रानमाश्या, पक्षी सगळेच राहतात. एकाचं भाडं भरलं की अख्खी चाळ राहते.

१५. दुकानातून ल्युपिन आणून अंगणात लावलं, तर फेंडर्स ब्लू येईल?

नाही. रोपवाटिकेत रंगीबेरंगी उंच तुऱ्यांचं जे ल्युपिन मिळतं ते वेगळ्याच जातीचे संकर असतात, आणि खोऱ्यात ओल्या जागी वाढणारं मोठ्या पानांचं रानटी ल्युपिनही अळ्यांना चालत नाही. शिवाय फेंडर्स ब्लू सहसा जन्मल्या जागेपासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जात नाही. बीव्हर्टनच्या अंगणात येण्याची शक्यता शून्य.

अंगणासाठी वेगळं करण्यासारखं बरंच आहे. ओरेगॉन सनशाइन (पिवळं, चिवट, पाणी न मागणारं), चेकरमॅलो, कॅमस, यॅरो आणि मोनार्क फुलपाखरासाठी शोवी मिल्कवीड. ‘वाइल्डफ्लॉवर मिक्स’ लिहिलेल्या पाकिटांत बरीचशी परदेशी फुलं असतात, मागची यादी वाचा. कढीपत्त्याच्या कुंडीवर कीटकनाशक मारायचं असेल तर ती कुंडी या फुलांपासून लांब ठेवा. माळावरून बी किंवा रोप उचलून आणू नका.

१६. अळ्या गाडीतून नेऊन दुसऱ्या माळावर का सोडत नाही? पटापट वाढतील.

अधिकृत परवानगीने, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मोठ्या वस्तीतून काही फुलपाखरं दुसऱ्या तयार माळावर नेली गेली आहेत. ‘तयार’ हा शब्द महत्त्वाचा. आधी कित्येक वर्षं तिथे ल्युपिन वाढवावं लागतं, आणि मेपासून जूनपर्यंत एकापाठोपाठ एक मधाची फुलं असावी लागतात. घाईने हौशी माणसाने नेली तर तो कायद्याने गुन्हा आहे आणि फुलपाखरं मरतात ते निराळंच.

दुसरा मार्ग म्हणजे मधे मधे ल्युपिनचे छोटे तुकडे लावणं. पूर्वी ल्युपिनच्या जागा अर्ध्या किलोमीटरवर असायच्या, आता त्यांच्यात कैक किलोमीटरचं अंतर पडलं आहे. ओढा ओलांडताना आपण दगडांवर पाय टाकत जातो, तसे हे तुकडे. आधी वाटत होतं की सलग हिरवी पट्टी हवी. पण हे फुलपाखरू ल्युपिन नसलेल्या गवतावरून सरळ आणि भरभर उडतं, ल्युपिनमध्ये आलं की घुटमळतं. म्हणून तुकडे पुरतात.

१७. आम्ही घेतलेल्या जमिनीवर किनकेड्स ल्युपिन निघालं. आता सरकार जमीन काढून घेईल का?

नाही. आणि इथे कायद्याची एक गंमत आहे. संघीय कायद्यात प्राण्यांना मारणं, त्रास देणं खासगी जमिनीवरही मना आहे. वनस्पतींना तसं सरसकट संरक्षण नाही. खासगी जमिनीवरचं रोप मालकाचं, तिथे संघीय पैसा किंवा परवाना गुंतलेला नसेल तर.

१८. मग ल्युपिन नांगरून टाकलं तर चालेल?

हाच प्रश्न दबक्या आवाजात येतो. त्या ल्युपिनवर फेंडर्स ब्लूची अंडी किंवा झोपलेल्या अळ्या असतील तर नांगर म्हणजे फुलपाखरं मारणं, आणि ते चालत नाही. वर्षाचा कुठलाही महिना असो, प्रश्न ४ आठवा. म्हणून आधी मेमध्ये जाणकाराकडून पाहणी करून घ्या.

उलट बाजूने सवलतीही बऱ्याच आहेत. २०२३ च्या नियमानुसार खासगी मालकाला माळ सुधारण्यासाठी झुडपं काढणं, कापणी, ठरावीक तणनाशक हे अटींमध्ये राहून वेगळ्या परवान्याशिवाय करता येतं. कापणी साधारण मध्य ऑगस्टनंतर, पातं जमिनीपासून सहा इंच वर. फुलपाखरासाठी जागा सुधारली म्हणून पुढे मालकावर जादा बंधनं येणार नाहीत, अशी हमी देणारे करारही आहेत. बेंटन परगण्याने तर रस्त्याकडेच्या कापणीपासून बांधकामापर्यंत सगळ्याचा मिळून पन्नास वर्षांचा आराखडा केलेला आहे.

१९. पाहायला कुठे आणि कधी जावं? मुलांना नेलं तर चालेल?

मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, ऊन असलेल्या दिवशी, अकरा ते तीनच्या दरम्यान. ढग आले की फुलपाखरं बसतात. सोपी जागा म्हणजे रिकरीअलजवळचं बॅस्केट स्लू अभयारण्य. टेकडीवर चढणारी पायवाट रिच ग्वाडान्यो यांच्या नावाची आहे. इथल्या अभयारण्यांत काम केलेले हे अधिकारी ११ सप्टेंबर २००१ ला अपहरण झालेल्या युनायटेड ९३ विमानात होते.

मुलांना जरूर न्या. पायवाट सोडायची नाही, जाळी न्यायची नाही, फुलं तोडायची नाहीत, कुत्रं घरी ठेवायचं.

२०. निळं फुलपाखरू दिसलं, फोटोही काढला. फेंडर्स ब्लूच असेल ना?

बहुतेक नाही. खोऱ्यात सिल्व्हरी ब्लू नावाचं दुसरं निळं फुलपाखरू खूप जास्त आहे, तेही ल्युपिनवर येतं आणि थोडं आधी उडायला लागतं. वरून पाहून दोघं ओळखू येत नाहीत, म्हणून पाठीचा फोटो कितीही सुंदर असला तरी निरुपयोगी. मिटलेल्या पंखांचा खालून फोटो हवा. सिल्व्हरी ब्लूला ठिपक्यांची एकच ओळ असते, फेंडर्स ब्लूला दोन.

२१. आम्हालाही तण काढायला यायचं आहे. काय आणावं?

लांब बाह्या, लांब पँट, मोजे पँटवर चढवलेले, जाड हातमोजे, पाणी, डबा. चपला नकोत. गोचिड्या असतात, घरी आल्यावर अंग तपासा.

आणि पॉइझन ओक ओळखायला शिका : तीन-तीन पानं, ओकसारख्या कडा, वसंतात तुकतुकीत. हे बिब्ब्याच्याच कुळातलं, आणि अंगावर उततंही तसंच. मी पहिल्या वर्षी फर उपटता उपटता त्याच्या निष्पर्ण काड्या कवेत घेऊन ढिगावर नेल्या होत्या. हिवाळा होता, पानं नव्हती, वाटलं साधंच झुडूप. तिसऱ्या दिवशी दोन्ही हात कोपरापर्यंत फोडांनी भरले. आईने फोनवर खोबरेल तेल लावायला सांगितलं, डॉक्टरांनी दुसरंच दिलं. तेव्हापासून घरी आल्या आल्या कपडे थेट मशीनमध्ये आणि हात साबणाने खसखसून.